आईच्या कबरीकडे पाठ करून

समजा, तुम्हाला एका कबरीवरचं गवत कापायचंय. कबर म्हणजे आडवी शिळा नव्हे. डोंगरउतारावर मातीचा गोल उंचवटा, पालथ्या टोपलीसारखा, आणि त्यावर दाट हिरवळ. हातात विळा. कुठून सुरुवात कराल? बहुतेक जण माथ्यापासून करतात, कारण तिथलं गवत आधी डोळ्यांत भरतं. तसं केलं की कापलेलं गवत घरंगळत खाली येतं, खालच्या उभ्या गवतात अडकतं आणि काम दुप्पट होतं. म्हणून सुरुवात पायथ्याकडून. विळा मातीला समांतर ठेवायचा. मूठभर गवत धरायचं, आपल्याकडे ओढायचं, कापायचं, मागे टाकायचं. उंचवट्यावर गुडघा टेकायचा नाही. आणि हे सगळं करताना आत जे माणूस आहे त्याच्याशी बोलत राहायचं, कारण तुम्ही वर्षातून एकदाच येता.

फिलनाम मावशीने हे मला टेक्सासमध्ये, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. कबर म्हणून भाताचा वाडगा पालथा घातला होता आणि विळा म्हणून चमचा होता. तिने स्वतः मात्र आपल्या आईच्या कबरीवरचं गवत कधीच कापलेलं नव्हतं. लहानपणी आजीच्या कबरीवरचं कापताना पाहिलं, तेवढंच.

ती माझी सख्खी मावशी नाही. किलीन हे टेक्सासमधलं लष्करी छावणीचं गाव. इथे शिपायांशी लग्न करून आलेल्या कोरियन बायका इतक्या, की त्यांची आम्ही मुलं एकमेकांच्या आयांना मावशीच म्हणतो. माझी आई त्यातली धाकटी आणि फिलनाम मावशी सगळ्यांत थोरली. सत्त्याहत्तर वर्षांची, बुटकी, गुडघ्यांना पट्टे बांधून चालणारी. फिलनाम म्हणजे ‘आता तरी मुलगाच होवो’. मुलगी झाली की पुढच्याची आशा म्हणून तिलाच असं नाव द्यायचे. तिच्यानंतर आठ वर्षांनी खरंच मुलगा झाला. मानसोक.

मावशीचा नवरा वेंडेल सार्जंट होता. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि इथल्या सैनिकांच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली. सपाट जमीन, सारख्या उंचीचे पांढरे दगड, यंत्राने कापलेलं गवत. कापायला काही शिल्लकच नाही. तरी शरदातल्या पौर्णिमेच्या सणाआधी, जेव्हा कोरियात सगळे आपापल्या कबरींकडे जातात, तेव्हा मावशी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन तिथे जाते आणि दगडाच्या कडेला, जिथे यंत्र पोचत नाही, तिथलं गवत कापते. एकदा तिथला माणूस म्हणाला, “बाई, हे आमचं काम आहे.”

“तुमचं तुम्ही केलंत,” मावशी म्हणाली. “त्याच्या कानामागचं राहिलंय, ते मी करते. जिवंतपणीही मीच करायची.”

तिथला नियम असा, की नवरा-बायको एकाच खड्ड्यात. जो आधी जाईल तो खाली. हे कळलं त्या दिवशी मावशी आमच्या घरी येऊन धपकन बसली. “अगं, एकावर एक! आमच्याकडे जोडप्याला शेजारी शेजारी निजवतात. इथे वेंडेल खाली आणि मी वर?”

“मग बरंच की, ताई,” माझी आई म्हणाली. “जन्मभर त्याच्या डोक्यावर बसलीस, आता कायमची बस.”

मावशी खूप हसली.

तिच्या लग्नाची गोष्ट तिनेच तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली. गोछांगजवळच्या खेड्यातून ती उत्तरेला, दोंगदुछनच्या अमेरिकन छावणीबाहेर एका शिंप्याच्या दुकानात कामाला गेली. शिपायांच्या गणवेशांवर नावाच्या पट्ट्या आणि बिल्ले शिवायचं काम. वेंडेल पहिल्यांदा आला तो बाहीवरचा बिल्ला उसवला म्हणून. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो बिल्ला त्याने स्वतःच उसवला होता. “टाक्यावरून कळतं ना,” मावशी म्हणायची. “आपोआप सुटलेला दोरा असा सरळ सुटत नाही.”

बापाने लग्नाचं ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. अमेरिकन शिपायाशी लग्न करणाऱ्या मुलीला तेव्हा गावात एकच शब्द होता आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. ती शिंप्याकडे काम करते की आणखी कुठे, याने त्या शब्दाला फरक पडत नव्हता. बाप म्हणाला, “विमानात बसलीस की आम्हाला मुलगी नव्हती.” मग तो तसंच वागला.

आई मात्र आली. मुलगी देश सोडणार त्याच्या आदल्या दिवशी, बहिणीकडे जाते असं घरी सांगून, शेजारणीचा पोशाख अंगावर घालून ती बस बदलत बदलत दोंगदुछनला पोचली. मावशीने वेंडेलला आधीच शिकवून ठेवलं होतं, की सासूला गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करायचा. वेंडेल कामाचा पक्का माणूस. त्याने खोलीत दिवसभर सराव केला. सासू भिंतीला टेकून बसली, त्याने नमस्कार केला. उत्तम. मग तो उठला आणि त्याने दुसऱ्यांदा तसाच नमस्कार केला.

आमच्यात जिवंत माणसाला एकच नमस्कार करतात. दोन करतात ते मेलेल्याला.

“मी तोंडावर हात दाबला,” मावशी सांगायची. “त्याला वाटलं, एक चांगला तर दोन आणखी चांगले! आईने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘असू दे. मी मेल्यावर तुम्हाला यायला जमणार नाही. माझा तेव्हाचा नमस्कार मी आत्ताच घेतला.’”

ही गोष्ट बायकांच्या जेवणात सांगितली की सगळ्या हसून लोळायच्या. पण एकदा मी एकटीच तिच्यासोबत असताना मावशी म्हणाली, “त्या दिवशी मी सगळा वेळ वेंडेलकडे बघत होते. तो चुकतोय का, पाय नीट दुमडतोय का. आईने मला डोळे भरून पाहिलं असेल. मी तिला नाही पाहिलं. तिच्या अंगावर शेजारणीचा पोशाख होता एवढं आठवतं. चेहरा म्हणशील तर…” आणि तिने बोटाने टेबलावर एक गोल काढला, रिकामा.

मावशीची आई गेली तेव्हा मानसोकचा फोन आला, पण माती देऊन झाल्यावर. बाप जिवंत होता तोवर गावी जाण्याचा प्रश्न नव्हता. तो गेल्यावरही मानसोकने ‘या’ म्हटलं नाही. मावशी आणि वेंडेल एकदा सोलपर्यंत जाऊन आले. गाव तिथून काही तासांवर होतं. आठवडाभर राहून, न जाताच परतले. भावाचा फोन यायचा तो कोणी वारलं तरच.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात फोन आला तेव्हा मावशीने आधी तेच विचारलं. मी तिथेच होते. मी शीतगृहांच्या यंत्रांचं काम करते, त्यामुळे किलीनमधल्या सगळ्या मावश्यांचे फ्रिज माझ्याच गळ्यात. संध्याकाळची वेळ होती आणि मी फ्रिजच्या मागे अर्धी आत गेलेले. मावशीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता.

“ताई, मी मानसोक.”

“कोण गेलं?”

“कोणी नाही. सगळे बरे आहेत.” मग खोकला. “या वर्षी अधिक महिना आलाय. डोंगरावरच्या कबरी उघडून घेतोय. बाबांची आणि आईची. दहन करून राख अस्थिगृहात ठेवायची ठरवलीय. गवत कापायला कोणी उरलं नाही, ताई. पोरं शहरात. मागच्या वर्षी मी एकटाच वर गेलो, तर गांधीलमाश्यांनी फोडून काढलं. तुमच्या कानावर घालावं म्हणून फोन केला.”

अधिक महिन्यात कोणत्याही देवाचं, भुताखेतांचं माणसाकडे लक्ष नसतं असं आमच्यात मानतात. म्हणून कबर हलवायची असेल तर लोक याच महिन्याची वाट बघतात.

मावशी म्हणाली, “उघडणार म्हणजे… आई दिसेल?”

“हाडं असतील, ताई.”

“हाडं तर हाडं. मी येते.”

“एवढ्या लांब? इकडे उकाडा किती आहे. तुमचे गुडघे…”

“मी येते म्हटलं ना. मला तिला एकदा बघायचंय.”

तिची मुलगी ऑरेगॉनला असते, तिला निघता आलं नाही. माझी आई मला म्हणाली, “तुझी सुट्टी साठलीय. ताईबरोबर तू जा.” मी गेले. विमानात मावशी एकदा झोपेतून उठल्यासारखी म्हणाली, “चेहरा हाडांवरच तर असतो. कपाळ कसं होतं, गालाचं हाड केवढं, ते कळेल ना?” मी म्हटलं, कळेल.

मानसोकमामा बसथांब्यावर घ्यायला आले होते. पांढरे केस, धुतलेला शर्ट. बहिणीसमोर मान लवून म्हणाले, “आलात.” मावशीने त्यांचा हात धरला आणि तो किती वेळ धरायचा हे दोघांनाही कळेना. घर नवं बांधलेलं, पाहुण्यांची खोली थंडगार. मामी वाटी रिकामी होऊ देत नव्हत्या. पण वेंडेलबद्दल एक शब्द कोणी विचारला नाही. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली, “कोण आलंय गं?” तेव्हा मामाच म्हणाले, “अमेरिकेहून पाहुण्या आल्यात.”

मावशी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून आणलेला विळा घेऊन डोंगर चढली. मी मागे. मामी पायथ्यापासून ओरडत होत्या, “अहो ताई, उद्या जेसीबी येणार! कापलं काय न कापलं काय, सगळं मातीतच जायचंय!”

“जाऊ दे की,” मावशी म्हणाली. “लेकीला भेटायला आई काय विस्कटलेल्या केसांनी येईल?”

गवत कमरेएवढं वाढलेलं. झाडांवरच्या किड्यांच्या किरकिरीने कान किटले होते. तिने पायथ्याकडून सुरुवात केली आणि तिच्या गुडघ्यांनी दर दहा मुठींनंतर तक्रार केली. मी दुसरा विळा घेऊन पुढे झाले, तर तिने मला बापाच्या कबरीकडे पिटाळलं. “तिकडचं तू काप. त्याच्याशी तुझं भांडण नाही.” मी कापत होते आणि वाऱ्याबरोबर तिचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं. वेंडेलचा मधुमेह. टेक्सासमधल्या मातीत मुळा कसा नीट पोसत नाही. नातीचं लग्न. आणि मग, “उद्या. उद्या बघू.” उन्हं उतरेपर्यंत आईची कबर न्हाव्याकडून आल्यासारखी स्वच्छ झाली होती. मावशीने दोन नमस्कार केले. उठताना मी हात दिला.

सकाळी जेसीबी आला. ठेकेदाराची दोन माणसं पांढरे हातमोजे घालून उभी. मामा, मामी, दोन चुलत भाऊ, आम्ही दोघी. आधी डोंगराला सोजूची दारू वाहिली, मग मामा पुढे आले. डोळे बुटांकडे.

“ताई, एक सांगायचं राहिलं. मी मुहूर्त काढून आणला होता. मुहूर्त सांगणाऱ्या गृहस्थांनी सांगितलंय, वाघाच्या वर्षी जन्मलेल्यांनी पेटी उघडताना बघायचं नाही. बघणाऱ्याला लागतं. त्याच्या घरच्यांनाही लागतं.”

आमच्यात प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं, असे बारा प्राणी फिरून फिरून येतात. एक चुलत भाऊ म्हणाला, “आपल्यात वाघाचं कोण आहे?”

मामी हळूच म्हणाल्या, “ताईच.”

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं ती आता काहीतरी चुरचुरीत बोलेल. तिचं तोंड उघडलंही. ती भावाकडे बघत राहिली. मामांनी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, “बरं,” आणि वळली. समोर एक पाईनचं झाड होतं. त्याच्या खोडाकडे तोंड करून ती उभी राहिली, हात पोटावर बांधून, शिक्षा दिलेल्या मुलीसारखी.

आधी बापाची कबर उघडली. मग आईची. यंत्राने वरची माती काढली आणि पुढचं काम माणसांनी हाताने केलं. लाकूड केव्हाच मातीला मिळालं होतं. मावशी न वळता म्हणाली, “पोरी, तुझं वर्ष कोणतं?”

“सशाचं, मावशी.”

“मग तू बघ. आणि मला सांग.”

मी खड्ड्याच्या काठाशी गेले. मामांनी अडवलं नाही.

“सांग ना. काय दिसतंय?”

“हाडं पिवळसर आहेत. ते म्हणतायत, चांगली राहिलीत. पाणी शिरलेलं नाही. मुळंही नाहीत.”

“बरं झालं. आणि?”

“ते पायाकडून उचलतायत. कागदावर ठेवतायत, ओळीने. ती लहानशी आहे, मावशी.”

“लहानशी? छे. माझी आई उंच होती. दारातून वाकून यायची.”

मी पुन्हा खाली पाहिलं.

“चेहरा?”

त्या माणसाने तो दोन्ही हातांत उचलला होता. मी वर्णन करायला लागले. कपाळ रुंद. गालाची हाडं वर आलेली. खालचे दात थोडे एकमेकांवर चढलेले. एवढं सांगून माझे शब्द संपले. मोजमाप सांगता येतं, पण चेहरा दिसत होता तो तसा सांगता येत नव्हता. मावशीचा हात हळूहळू आपल्या कपाळावर गेला, मग गालावर. झाडाकडे तोंड करून ती स्वतःचाच चेहरा चाचपत होती. मग कागद दुमडल्याचा आवाज आला आणि मामा म्हणाले, “ताई, झालं. आता वळलात तरी चालेल.”

ती वळली तेव्हा पांढऱ्या कागदाची एक लांबट घडी होती. बाकी उघडी माती.

निरोपाच्या वेळी मामांनी तिळाच्या तेलाच्या बाटल्या आणि वाळवलेली मिरची बांधून दिली. बस सुटताना ते हात न हलवता उभे राहिले, आणि बस वळेपर्यंत उभेच होते.

महामार्गावरच्या थांब्यावर मी कागदी पेल्यात भाजलेले छोटे बटाटे आणले. मावशीने एक उचलला, फुंकर घातली आणि म्हणाली, “मी वाघाच्या वर्षाची नाही.”

मला कळलं नाही.

“मी उंदराच्या वर्षाची. माझ्याआधीची दोन भावंडं जन्मून गेली होती. म्हणून ही जगते का बघू म्हणत बाबांनी माझी नोंद दोन वर्षांनी केली. कागदावर मी वाघ. पासपोर्टवर वाघ. टेक्सासमध्ये वाघ. पण घरात मी उंदीरच. मी खाऊ लपवून ठेवायचे तेव्हा आई म्हणायची, जात दाखवलीच उंदराने. तो तिथेच बसलेला असायचा, चुलीपाशी. पाच वर्षांचा.”

“मग तिथे का नाही बोललात?”

“काय बोलू? चुलत भावांसमोर त्याला खोटं पाडू? आणि मी बघितलं असतं, उद्या त्याच्या घरात कोणी आजारी पडलं असतं, तर? माझ्या लग्नाच्या वेळी एकदा या घराला माझं लागलंय म्हणून सांगून झालंय. पुन्हा कशाला?” तिने बटाटा तसाच पेल्यात ठेवला. “आणि अधिक महिन्यात कशाचीच बाधा नसते, म्हणून तर हा महिना धरला ना त्याने? मग वाघाचीच तेवढी कशी लागते?”

“फोन करून विचारू या?”

“फोनवर तो म्हणेल, माहीत नव्हतं. खरं असलं तरी तेच म्हणेल आणि खोटं असलं तरी तेच.”

या गोष्टीला आता काही महिने झाले. तेलाची एक बाटली मावशीने आम्हाला दिली. मानसोकमामांचा त्यानंतर फोन नाही, म्हणजे सगळे बरे असणार. परवा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले होते, गुडघ्यात सुई टोचून घ्यायला. नाव पुकारायची वाट बघत आम्ही बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर कुठलीतरी बातमी चालू होती. मधेच तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि, जणू आमचं बोलणं थांबलंच नव्हतं अशा आवाजात, विचारलं,

“पाच वर्षांच्या पोराच्या लक्षात राहतं का गं, बहीण कोणत्या वर्षाची ते? खरंच माहीत नसेल त्याला, की मी आईला बघू नये असंच वाटलं असेल?”